गिटारला तारा कोणत्या घ्यायच्या? नवशिक्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या पुढच्या खोलीत मी संध्याकाळी गिटार शिकवतो. येणारे बहुतेक अगदी नवखे असतात. आठवी-नववीतली मुलं, इंजिनिअरिंगवाले, दोन निवृत्त काका, आणि मुलाला सोडायला येता येता स्वतःच शिकायला बसलेली एक आई. तारांबद्दल क्लास चालू असताना कोणी काही विचारत नाही. ते प्रश्न निघतात दारात, चपला घालता घालता. तिथे उभ्याउभ्या दिलेली उत्तरं इथे बसून नीट लिहितो आहे. सगळं सहा तारांच्या साध्या अकूस्टिक गिटारबद्दल आहे, इलेक्ट्रिकबद्दल नाही.

फार खोलात शिरायचं नाही. कोणत्या तारा घेऊ तेवढं सांगा.

गिटार स्टीलच्या तारांची असेल तर १०-४७ किंवा ११-५२ या आकड्यांचा, फॉस्फर ब्रॉन्झचा, कोटिंग नसलेला संच घ्या. गिटार लहान चणीची, ३८ इंची असेल तर १०. मोठी आणि बऱ्यापैकी बनावटीची असेल तर ११. १२ च्या संचाला पहिले सहा महिने हात लावू नका, मग तो कोणी फुकट का देईना.

पण दुकानात जायच्या आधी पुढचा एक प्रश्न वाचा. बाकीचे सोडलेत तरी चालतील.

माझी गिटार स्टीलच्या तारांची की नायलॉनच्या, हे कसं ओळखायचं?

तारा कुठे अडकवल्यात ते बघा. खाली ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे संपतात त्या लाकडी पट्टीवर, सहा लहान बटणांसारख्या पिना ठोकलेल्या असतील तर गिटार स्टीलच्या तारांची. पिना नसून तार ब्रिजच्या भोकातून घेऊन स्वतःभोवतीच गाठ मारून बांधलेली असेल, आणि वरचं डोकं लांब खाचांचं, त्यात जाड पांढऱ्या नळ्या असतील, तर ती क्लासिकल, म्हणजे नायलॉनची. तिची मानही रुंद असते. पहिल्या तीन तारा मासे पकडायच्या दोऱ्यासारख्या दिसल्या तर शंकाच नको. काही जुन्या, देशी गिटारींना पिना नसतात आणि तारा शेपटाकडच्या पत्र्याला अडकवलेल्या असतात. त्याही स्टीलच्याच.

हे एवढं घोळून का सांगतो? नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण चाळीसेक किलो असतो. स्टीलच्या हलक्यात हलक्या संचाचा साठच्या आसपास, आणि १२-५३ चा साधारण ७४ किलो. म्हणजे दीड पोतं गहू त्या लाकडी खोक्यावर रात्रंदिवस ओढ देत असतात. नायलॉनसाठी केलेल्या गिटारची आतली लाकडं त्या ओढीसाठी बसवलेलीच नसतात.

माझी पहिली गिटार मामांनी दिलेली, नायलॉनची. चौथी तार तुटली म्हणून मी एका दुकानात नेली. दुकानदाराने मोठ्या आपुलकीने सहाच्या सहा स्टीलच्या तारा चढवून दिल्या, वर म्हणाला, "आता बघ कशी वाजते." वाजली खरी, आठ-दहा दिवस. मग ब्रिजच्या मागच्या कडेला एक बारीक काळी रेघ दिसू लागली. मी त्या फटीत बसचं तिकीट सरकवून बघितलं तर ते अर्धं आत गेलं. जुलैचा महिना होता, हवा दमट, आधीच सैल झालेल्या सरसाने आणखी हात टेकले. एका दुपारी आई पोळ्या करत असताना पुढच्या खोलीत कपाट पडल्यासारखा आवाज झाला. ब्रिज उखडून तारांना लोंबत होता आणि सोबत पुढच्या फळीचा पापुद्राही निघून आला होता.

तेव्हा नायलॉनच्या गिटारला नायलॉनच. उलट प्रकार, म्हणजे स्टीलच्या गिटारवर नायलॉन, धोक्याचा नाही, पण आवाज मेलेला येतो आणि तारा पिनांत नीट बसत नाहीत.

हे १०, ११, १२ म्हणजे नेमकं काय?

पहिल्या, म्हणजे सगळ्यात बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत. १० म्हणजे ०.०१० इंच, साधारण पाव मिलिमीटर. १२ म्हणजे ०.३ मिलिमीटर. जोडीतला दुसरा आकडा सहाव्या, सगळ्यात जाड तारेचा.

फरक डोळ्यांना दिसतही नाही, मग एवढं काय? ताण जाडीच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. साडेपंचवीस इंच लांबीच्या नेहमीच्या गिटारवर १० ची पहिली तार सुरात आणायला साधारण ७.४ किलो ताण लागतो, १२ ची आणायला १०.६. जाडी वाढली वीस टक्के आणि ताण चव्वेचाळीस टक्के! बोटाला जे कळतं ते हे.

पाकिटावरच्या 'लाइट', 'मीडियम' या शब्दांवर जाऊ नका. डॅडारिओ कंपनीचा 'लाइट' म्हणजे १२-५३, तर अर्नी बॉल कंपनीच्या अर्थवूड संचाचा 'लाइट' म्हणजे ११-५२. शब्द तोच, पण बोटांना बसणारा मार वेगळा. आकडाच मागा.

आणि दुकानात आकडा सांगितलात तरी समोरून "पातळा आपु के जाडा?" (बारीक देऊ की जाड?) असा प्रश्न येईलच. आपल्या घरात पातळ असते ती आमटी, तार असते बारीक. पण इथे पातळा म्हणून टाका, काम होतं.

बारीक तारांचा आवाज लहान येतो म्हणतात. खरं?

खरं आहे. जाड तार पुढच्या फळीला जास्त हलवते, आवाज भरीव येतो. १० च्या तारांवर जोरात झोडलं तर त्या फडफडतात, फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटून झणझणतात. पण पहिल्या वर्षी तुम्ही सभागृहात वाजवणार नाही आहात. तुमच्या खोलीत, फार तर गणपतीत सोसायटीच्या आरतीला वाजवाल, आणि तिथे झांजांपुढे १३ च्या तारासुद्धा ऐकू येत नाहीत.

११-५२ मला आवडतो तो यासाठीच. त्याच्या जाड तीन तारा ३२, ४२ आणि ५२ च्या असतात, म्हणजे १२ च्या संचाच्या जवळजवळ बरोबरीच्या. खर्ज मिळतो, आणि डाव्या हाताला जिथे त्रास होतो त्या बारीक तारा मऊ राहतात.

बोटं फार दुखतात. आणखी हलक्या तारा लावू का?

थांबा. आधी गिटार तपासू. माझ्याकडे रडवेल्या तोंडाने येणाऱ्या दहांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या तारांचा काहीच दोष नसतो. दोष असतो उंचीचा. तार फ्रेटपासून वर जितकी, तितकी ती दाबायला जास्त ढकलावी लागते.

एक स्टीलची पट्टी घ्या. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची नको, तिचं शून्य काठापासून जरा आत असतं आणि सगळं माप चुकतं. बाराव्या फ्रेटवर पट्टी उभी धरा आणि फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. सहाव्या तारेखाली अडीच-तीन मिलिमीटर आणि पहिलीखाली दोन, हे ठीक. सहावीखाली चारच्या वर गेलं असेल तर जगातली कोणतीही तार तुम्हाला सुख देणार नाही. ब्रिजवरची पांढरी पट्टी, म्हणजे सॅडल, खालून घासून बसवून घ्यावी लागते. बाराव्या फ्रेटवर एक मिलिमीटर उतरायला सॅडल दोन मिलिमीटर घासावी लागते. हे काम जाणत्याकडूनच करून घ्या, कारण जास्त घासली गेली तर ती परत वाढत नाही.

दुसरं ठिकाण नट, वरच्या टोकाची खाचांची पट्टी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर ती किती अधांतरी आहे ते बघा. केसभर फट पुरे. तिथे पोस्टकार्ड सहज सरकत असेल तर नटच्या खाचा उथळ आहेत, आणि तुम्हाला एफ कॉर्ड (अनेक तारा एकदम दाबून काढायचा स्वरमेळ) येत नाही यात तुमचा अर्धाच दोष आहे.

हे सगळं ठीक असूनही दुखत असेल तर एक युक्ती. सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे मानेवर आडवा बसणारा चिमटा, लावा. ताण अकरा टक्के कमी होतो. पूर्ण स्वर उतरवून कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावलात तर वीस टक्के. सूर तोच राहतो, कॅपोमुळे तार फ्रेटच्या जवळही येते. पेटीवाल्यांच्या भाषेत, कॅपो न लावता अर्धा स्वर उतरलेली गिटार ई, म्हणजे पांढरी तीन, सोडून काळी दोनवर येते. घरात कोणी काळी दोनमध्ये गात असेल तर कॅपो काढून साथही करता येईल.

बाकी दुखणं तीन-चार आठवड्यांचं. रोज पंधरा-वीस मिनिटं बसलात तर बोटांच्या टोकांना घट्टे पडतात. रविवारी दोन तास आणि मग आठवडाभर सुट्टी, असं केलंत तर घट्टे पडत नाहीत, फक्त फोड येतात. आंघोळीनंतर किंवा भांडी घासल्यावर लगेच वाजवायला बसू नका, कातडी मऊ झालेली असते. उत्तरायणात तर मी चौदा-पंधरा जानेवारीला आणि पुढचे तीन-चार दिवस क्लासच ठेवत नाही. मांजाने चिरलेली बोटं घेऊन मुलं येतात आणि "सर, तार लागते" म्हणतात. लागणारच.

फॉस्फर ब्रॉन्झ, ८०-२०... यातला फरक मला ऐकू येईल का?

पहिल्या महिन्यात नाही येणार. सहा महिन्यांनी येईल.

पहिल्या दोन, बारीक तारा नुसत्या पोलादाच्या. बाकीच्या चारांत मधे पोलादी गाभा आणि त्यावर गुंडाळलेली दुसऱ्या धातूची तार. पाकिटावरचं नाव या गुंडाळीचं. ८०-२० मध्ये ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त असतं. कंपन्या तिला ब्रॉन्झ म्हणतात, पण तांबं आणि जस्त म्हणजे आपलं चक्क पितळ! ज्यांच्या घरात तंबोरा आहे त्यांना हे कळेल, कारण खर्जाची तार पितळेचीच असते. १८८६ साली गवई मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेचं हे गाव, तेव्हा अशी घरं इथे अजून आहेत. आमच्याकडेही आजीचा तंबोरा आहे. ८०-२० च्या नव्या तारांचा आवाज लखलखीत, जरा खणखणीत असतो, पण तो लवकर उतरतो.

फॉस्फर ब्रॉन्झमध्ये तांबं ब्याण्णवेक टक्के, बाकी कथील आणि नावापुरता फॉस्फरस. डॅडारिओने हा प्रकार १९७४ मध्ये गिटारसाठी आणला. आवाज थोडा गोल आणि ऊबदार, आणि तो टिकतो जास्त. नवशिक्याच्या तारा महिनोन्महिने बदलल्या जात नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून मी फॉस्फर ब्रॉन्झ सांगतो.

कोटेड तारा घ्याव्यात का? दुप्पट किंमत आहे.

तारेवर प्लॅस्टिकसारखा अतिशय पातळ थर असतो, घाम आणि दमट हवा धातूपर्यंत पोचू नये म्हणून. हा प्रकार नव्वदच्या दशकात एलिक्झर तारांमुळे रुळला, आणि त्यामागची कंपनी म्हणजे पावसाळी जॅकेटांचं गोअर-टेक्स कापड करणारीच. रेनकोट घातलेली तार म्हणा ना. त्या खरंच जास्त टिकतात, साध्यापेक्षा तिप्पट-चौपट सहज. स्पर्श गुळगुळीत असतो, बोट सरकताना होणारी चिरचिर कमी होते.

पण पहिला संच कोटेड नको. पहिल्या संचावर तुम्ही तारा चढवायला शिकणार, एखादी नक्की तोडणार. एवढ्या महागाच्या संचातली तार शिकताना तुटली की पोटात गोळा येतो. दुसरा किंवा तिसरा संच, जूनच्या सुरुवातीला, कोटेड घ्या. आणि ज्यांच्या हाताला फार घाम येतो त्यांनी माझं न ऐकता पहिल्यापासूनच घ्या. एका विद्यार्थ्याच्या साध्या तारा पंधरा दिवसांत काळ्या पडायच्या. मी त्याला उगाच स्वच्छतेवर भाषण देत होतो.

किंमत साधारण किती?

नाव नसलेला देशी संच दीड-दोनशेच्या आसपास, नामांकित कंपनीचा साधा संच पाचशे ते आठशे, कोटेड बाराशेच्या पुढे. दुकानागणिक बदलतं. दीडशेवाला अगदीच टाकाऊ नसतो, पण त्यात एखादी तार कधी कधी जन्मतःच बेसूर निघते: मोकळी सुरात आणि बाराव्या फ्रेटवर चढलेली. नवशिक्याला वाटतं आपलाच कान कच्चा.

पहिली तार सारखी तुटते. जाड घेऊ का?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर मनाविरुद्ध जातं. जाड घेऊन उपयोग नाही. नुसत्या पोलादाची तार कोणत्या सुरावर तुटणार हे तिच्या लांबीवर आणि पोलादावर ठरतं, जाडीवर नाही. जाड तार जास्त ओढ सोसते, पण तिला त्याच सुरावर आणायला ओढही तेवढीच जास्त लागते. हिशोब बरोबरीत सुटतो. नुसत्या पोलादाच्या दोन तारांत पहिलीच तुटण्याच्या जास्त जवळ ताणलेली असते, मग ती १० ची असो की १३ ची.

खरं कारण बहुतेक वेळा मोबाइलमधला ट्यूनर. तो नुसता 'ई' दाखवतो. तार सैल असताना ट्यूनर सूर चुकीचा पकडतो, मुलगा पिळत राहतो, सूर ई ओलांडून वर जातो, आणि ट्यूनर "अजून चढवा, पुढचा ई येतोय" म्हणतो. तो पुढचा ई कधीच येत नाही. पहिल्या तारेचा ई ३२९.६ हर्ट्‌झचा, सहावीचा ८२.४ चा. ट्यूनरमध्ये हर्ट्‌झचा आकडा दिसत असेल तर तोच बघा. नसेल तर दुसरी तार पाचव्या फ्रेटवर दाबा, तो आवाज पहिल्या मोकळ्या तारेचा. शंका आली की पिळणं थांबवून आधी कान लावा. आणि तार चढवताना तोंड गिटारवर वाकवू नका. तुटलेली तार डोळ्याकडेच धावते.

ट्यूनरचा दोष नसेल तर तार तुटली कुठे ते बघा. खुंटीपाशी तुटली तर खुंटीच्या भोकाला धार आहे. सॅडलपाशी तुटली तर सॅडलला. दोन्हीकडे पॉलिश पेपरचा बारीक तुकडा दोनदा फिरवला की काम होतं. मधेच तुटली असेल तर तार गंजली होती, बदलायचा दिवस कधीच उलटून गेला होता.

तारा किती दिवसांनी बदलायच्या?

रोज अर्धा तास वाजवत असाल तर तीन महिन्यांनी, पावसाळ्यात दोन. पण कॅलेंडरपेक्षा नख बरं. तारेच्या खालच्या बाजूने, फ्रेट जिथे लागतो तिथे, नख फिरवा. खाच जाणवली की तार संपली. वाजवून झाल्यावर बोटांची टोकं काळी होतात, ट्यूनरवर सुरात असलेली गिटार कॉर्ड धरला की बेसूर वाटते, आवाज कांबळ्यात गुंडाळल्यासारखा येतो, ही बाकीची लक्षणं.

आमच्याकडे एक मुहूर्त ठरलेला आहे. पावसाळा संपलेला असतो, नवरात्रात क्लासला कोणी फिरकत नाही, सगळे गरब्याला. तेव्हा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळ्या गिटारींच्या तारा बदलतो. दसऱ्याला तंबोऱ्याशेजारी गिटारही पूजेला बसते. एकच विनंती: हळदकुंकू डोक्यावरच्या लाकडाला लावा, तारांना नको. गुंडाळीच्या फटीत बसलेलं कुंकू निघता निघत नाही, आणि अक्षता तर आतल्या भोकात पडून वर्षभर खुळखुळ्यासारख्या वाजतात.

गंज चढू नये म्हणून काय करायचं? खोबरेल लावलं तर चालेल?

नाही. सतारिये डाव्या बोटांना तेल लावतात हे बघून कोणीतरी हे सुरू केलं असावं. गिटारच्या गुंडाळलेल्या तारांत तेल मुरतं, त्यावर धूळ बसते, आणि पंधरा दिवसांत ब्रॉन्झची तार वाकळीच्या दोऱ्यासारखी वाजू लागते.

वाजवायच्या आधी हात धुवा. सेव-उसळ खाऊन, रुमालाला हात पुसून गिटार उचलणारे महाभाग मी रोज बघतो. वाजवून झाल्यावर जुन्या सुती धोतराचा किंवा साडीचा तुकडा प्रत्येक तारेवर वरून आणि खालून एकदा फिरवा. खालून पुसणं सगळे विसरतात, आणि घाम साचतो तो तिथेच. पावसाळ्यात गिटार ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टांगू नका. बॅगेत ठेवा, बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या सोबत टाका.

एकच तार तुटली तर एकच बदलू की सगळा संच?

तारा महिन्याच्या आतल्या असतील तर एकच. जुन्या झाल्या असतील तर संच, नाहीतर पाच म्हाताऱ्यांत एक पोरगी ओरडल्यासारखी ती नवी तार वेगळी वाजते. पहिली तार सुटी मिळते, दोन नेहमी बॅगेत असू द्या. फक्त जाडी तीच.

स्वतः बदलता येतील? दुकानदार दरवेळी पैसे घेतो.

का नाही येणार? पहिल्या वेळी पाऊण तास लागेल, तिसऱ्या वेळी वीस मिनिटं. एकावेळी एकच तार काढा आणि तिच्या जागी नवी लावा, म्हणजे कोणती कुठून आली हे विसरायला होत नाही.

आधी तार पूर्ण सैल करा. मग पिन काढा. पिन पकडीने ओढायला गेलात तर तिचं डोकं तुटतं. पहिली तार सैल झाली की हात गिटारच्या आत घालून नाण्याने पिन खालून वर ढकला, मुकाट्याने निघते.

नव्या तारेच्या टोकाला लहान पितळी गोळी असते. ती भोकात टाका, पिनेची खाच तारेच्या बाजूला करून पिन बसवा, आणि आता महत्त्वाचं: पिन अंगठ्याने दाबून धरून तार हळूच वर ओढा. आत गोळी लाकडाला टेकल्याचा बारीक 'टक्' हाताला जाणवतो. तो टक् आला नाही तर गोळी पिनेच्या टोकाखाली अडकली आहे, आणि ताण चढल्यावर पिन छताला जाऊन लागेल. आमच्या पुढच्या खोलीच्या पंख्याच्या पात्याला एक पोचा आहे, तो असाच.

वर खुंटीत ओवताना तार आपल्या खुंटीपासून पुढच्या खुंटीच्या जरा पलीकडे जाईल एवढी ढील ठेवा. जाड तारेचे दोन-तीन वेढे बसावेत, बारीकचे तीन-चार. वेढे डोक्याच्या आतल्या बाजूने, वरून खाली, एकावर एक न चढता. उरलेलं टोक पकडीने कापा. नेलकटरने पहिल्या दोन तारा कापल्या जातात, पण नेलकटर घरात मग कोणाच्या कामाचा राहत नाही.

नव्या तारा सारख्या उतरतात. खराब निघाल्या का?

नाही. नवी तार ताणली जाते, वेढे आवळून बसतात, तोपर्यंत उतरतच राहते. लावून झाल्यावर बाराव्या फ्रेटपाशी तारेखाली बोट घालून ती अलगद वर ओढा, पुन्हा सुरात आणा. असं तीन-चारदा. एक-दोन दिवसांत स्थिर होते. चौथ्या दिवशीही उतरत असेल तर वेढे कमी पडले आहेत किंवा खुंटीचा स्क्रू सैल आहे.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारा चालतील? त्या मऊ असतात.

मऊ असतात, पण त्यांची गुंडाळी बहुतेक निकेल चढवलेल्या पोलादाची. पिकअपला, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखालच्या चुंबकाला, ते चालतं, लाकडाला नाही. आवाज ओठ मिटून गाणाऱ्यासारखा येतो. आणि घरात पडून असलेली तंबोऱ्याची किंवा सतारीची तारही नको. तिला गोळी नसते, आणि तिची जाडी वेगळ्या लांबीसाठी आणि वेगळ्या सुरासाठी ठरवलेली असते.

तारा नकली आहेत हे कसं ओळखू?

भाव निम्मा सांगितला की समजा. डॅडारिओच्या संचात सहाही तारा एकाच हवाबंद पिशवीत असतात आणि गोळ्यांचे रंग ठरलेले असतात: पहिली चंदेरी, दुसरी जांभळी, तिसरी हिरवी, चौथी काळी, पाचवी लाल, सहावी पितळी. नकलांत रंगही असतात आता, पण पिशवी उघडल्यावर तारांवर आधीच डाग दिसतात. तशा निघाल्या तर त्याच दिवशी परत करा.

मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला?

तीन-चतुर्थांश आकाराची गिटार, आणि जमलं तर नायलॉनची. लहान स्टीलची गिटार घेतली असेल तर १० चा संच. लांबी कमी, म्हणून ताणही कमीच राहतो.

मे महिन्यात गावी चाललो, तारा सैल करून ठेवू?

पूर्ण सैल नको. एक-दीड स्वर उतरवा, बास. सगळा ताण काढला तर मान उलटी वाकू शकते, विशेषतः ज्या गिटारींच्या मानेत घट्ट आवळलेली लोखंडी सळई असते त्यांची. आणि बडोद्याच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत गिटार तासभरही ठेवू नका. सरस वितळतो, आणि मग गोष्ट माझ्या मामांच्या गिटारपर्यंत जाते.

जुन्या तारांचं काय करायचं?

कचऱ्यात तशाच टाकू नका, टोकं सुईसारखी असतात आणि कचरा उचलणाऱ्यांच्या हातात घुसतात. गुंडाळी करून वर्तमानपत्रात बांधा, मग टाका. दुसरी, म्हणजे बी, तार मात्र मी ठेवतो. तिच्या दोन टोकांना पेन्सिलीचे तुकडे बांधले की शाडूची माती कापायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. आमच्या वाड्यातल्या मुलांचे गणपती दरवर्षी माझ्या जुन्या बी तारेने कापलेल्या मातीचे असतात, आणि श्रावण लागला की ती मुलं दारात येऊन विचारतात, "सर, तुमची तार तुटली का?"